तूर आपली, डाळही आपली

(अकोट येथे भगिनींच्या मेळाव्यात, छोटी दालमिल चालविणाऱ्या एका गृहिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



'माझा उद्योग : एक अनुभव' असा विषय मला देण्यात आला आहे. मी काही वक्ती नाही. माझा दिवस तुरीच्या पोत्यांत जातो आणि संध्याकाळी पदर झटकला तर टरफलांचा भुगा पडतो. म्हणून मी तुरीविषयीच बोलणार आहे. तूर, तिची डाळ आणि त्या दोहोंमधला हिशेब, एवढेच माझे भांडवल आहे. त्यातून आपल्यापैकी चार जणींना काही उपयोगी पडले, तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

अकोट म्हटले की लोकांना कापूस आठवतो. येथील कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, हंगामात रस्त्यावर लागणाऱ्या कापसाच्या गाड्यांच्या रांगा यांनी आपल्या गावाची ओळख घडविली आहे. उत्तरेला सातपुडा आणि नरनाळा, पायथ्याशी केळी आणि संत्र्याच्या बागा, आणि दक्षिणेला पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, असा हा आपला मुलूख. पण आपल्या कोरडवाहू शेतात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असतेच असते. कपाशीचा पैसा कर्जाकडे, खतवाल्याकडे, बियाणेवाल्याकडे जातो. तुरीची ओळ मात्र घरासाठी असते. वर्षभराचे वरण त्या एका ओळीतून निघते.

तरीही आपल्याकडे एक विचित्र गोष्ट घडत आली आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. घरात पैशाची निकड असते, म्हणून ती पोत्यांनी बाजारात जाते. आणि जून-जुलैत, पेरणीच्या दिवसांत, तीच तूर डाळ होऊन दुकानातून किलोकिलोने आपल्या घरी परत येते. जाताना तिचा भाव व्यापारी ठरवितो आणि येताना दुकानदार ठरवितो. पिकवणारी बाई दोन्ही वेळा गप्प उभी असते. माझ्या उद्योगाची सुरुवात या गप्प उभे राहण्याच्या कंटाळ्यातून झाली.

जात्यावरचे शास्त्र

माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. पण तुरीची डाळ करण्याचे संपूर्ण शास्त्र त्यांच्या हातात होते. हरभरा सहज सोलला जातो. तुरीचे टरफल मात्र दाण्याला डिंकासारखे चिकटलेले असते. म्हणून आपल्या आज्या-पणज्या तूर भिजवत, तिला लाल मातीचा हात लावत, रात्रभर ढीग करून ठेवत आणि मग दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवत. दाणा आतून आकसला की टरफल सैल होई. त्यानंतर जात्यावर भरडणे, सुपाने पाखडणे, चाळणीने चुनी वेगळी करणे. किती भिजवायचे, किती वाळवायचे, हे घड्याळावर ठरत नसे. दाणा दाताखाली धरून सासूबाई सांगत, आणि त्यांचे सांगणे चुकत नसे.

मोठ्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याचे मला दुःख नाही. पहाटे उठून जाते ओढण्यात बायकांच्या कमरा मोडल्या. त्या कष्टांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण जात्याबरोबर एक गोष्ट हातातून गेली, तिचा विचार आपण केला नाही. कष्ट गेले ते बरेच झाले. कष्टांबरोबर त्या कामाचे मोलही घराबाहेर गेले. जे काम बायकांना येत होते, तेच काम करून अकोल्यात मोठमोठ्या दालमिली उभ्या राहिल्या. त्यांनी उद्योग उभारला, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. मात्र ज्ञान आपल्या घरात होते, कच्चा माल आपल्या शेतात होता आणि यंत्र तेवढे दुसऱ्याकडे होते, ही वस्तुस्थिती आहे.

निकड

उद्योग करावा असे मला हौसेने वाटले नाही. आमची सात एकर कोरडवाहू शेती. २००६ साल आपण कोणी विसरू शकणार नाही. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता. त्या वर्षी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. आमच्या घरी तेव्हा दोन हंगामांचे कर्ज थकलेले होते आणि माझे दागिने गहाण पडलेले होते. माझे यजमान मनाने खंबीर. पण ते रात्री उठून अंगणात फेऱ्या मारीत, आणि त्यांच्या पावलांच्या आवाजाने माझी झोप उडे. त्या दिवसांत वर्तमानपत्र घरात आले की मी ते आधी वाचून मगच त्यांच्या हाती देत असे. एवढे सांगितले म्हणजे पुरे. येथे बसलेल्या अनेक जणींना यापुढचे सांगण्याची गरज नाही.

त्या काळात मला एक गोष्ट कळली. घरात उत्पन्नाचा एकच मार्ग असेल आणि तो आभाळाकडे बघणारा असेल, तर घरातील कर्त्या पुरुषावर केवढे ओझे पडते! त्याच्या ओझ्याला दुसरा खांदा लागला पाहिजे. स्त्रीने उद्योग करणे याचा मला उमगलेला पहिला अर्थ हा आहे.

आमचा बारा जणींचा बचत गट होता. नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढे खेडोपाडी गट उभे राहिले, त्यांतलाच आमचा एक. महिन्याला तीस रुपयांपासून आम्ही सुरुवात केली. गटात शेळी घेऊ, पापड लाटू, अगरबत्ती करू अशा सूचना येत. शेळीपालन चांगलेच, पापडही चांगले. पण मी विचार केला, आपल्या घरी पिकते काय आणि आपल्याला येते काय? दोन्हींचे उत्तर एकच होते : तूर.

विद्यापीठाचे यंत्र

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्याला १९६९ सालापासून आहे. त्या विद्यापीठातील अभियंत्यांनी खेड्यासाठी एक छोटी दालमिल तयार केली. 'पीकेव्ही मिनी दालमिल' या नावाने ती विदर्भभर ओळखली जाते. एका खोलीत मावते आणि छोट्या मोटरवर चालते. कृषी प्रदर्शनात मी ती प्रथम पाहिली. यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाने तूर आत टाकली आणि डाळ बाहेर आली, तेव्हा भोवतालचे पुरुष मोटर किती अश्वशक्तीची, हे विचारीत होते. मी मात्र खाली वाकून चुनी किती पडली ते पाहत होते.

यंत्राचे काम आणि सासूबाईंचे काम यांत तत्त्वतः फरक नाही. प्रथम तूर स्वच्छ करून तिची चाळणी करायची, म्हणजे लहान आणि मोठा दाणा वेगळा होतो. मग ती खरखरीत रोलरवरून एकदा काढायची, म्हणजे टरफलावर ओरखडे पडतात. त्यावर तेलाचा हात. क्विंटलमागे अर्ध्या किलोच्या आत तेल पुरते. रात्रभर झाकून ठेवायची, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, थोडे पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग करायचा, पुन्हा वाळवायची. मग दुसऱ्या फेरीत टरफल सुटते आणि दाणा दुभंगतो. काम नीट झाले तर क्विंटलभर तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ मिळते. घाई केली, दाणा ओला राहिला, तर डाळ कमी आणि चुनी जास्त. कडा न मोडलेली, चकचकीत डाळ व्यापाऱ्यांच्या भाषेत 'फटका'. फटका निघणे न निघणे यंत्रापेक्षा वाळवणावर अवलंबून असते, आणि वाळवण हा तर वऱ्हाडातील प्रत्येक स्त्रीचा जन्मजात विषय आहे. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन ४५ अंशांवर जाते. त्या उन्हाला आपण नेहमी शिव्या देतो. माझ्या हिशेबात ते ऊन फुकट मिळालेले इंधन आहे.

मी घरी येऊन सासूबाईंना सर्व सांगितले. मला धीर होत नव्हता. त्या म्हणाल्या, "तुले लिहता-वाचता येते, मंग भेतं काह्याले?" आमच्या घरातील उद्योगाला पहिली मंजुरी ही अशी मिळाली.

कागदावरचे नाव

दुसरी मंजुरी मिळणे इतके सोपे नव्हते. कर्जासाठी मी एका बँकेत गेले. समोरच्या अधिकाऱ्यांनी माझे कागद न उघडताच सांगितले, "मालकांना पाठवा." मी म्हटले, उद्योग मी करणार आहे. ते म्हणाले, जागा कोणाच्या नावे आहे? जागा अर्थातच माझ्या नावे नव्हती. शेत सासऱ्यांच्या नावावरून यजमानांच्या नावावर आले होते. घरही त्यांचेच. लग्नापासून त्या घरात राबणाऱ्या बाईचे नाव शिधापत्रिकेशिवाय कुठल्याही कागदावर नव्हते.

भगिनींनो, हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही आणि नवाही नाही. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' हा कार्यक्रम हाती घेतला होता. शेतकऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे ते आवाहन होते. महाराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांनी त्याला प्रतिसाद दिला. त्यात मोर्चा नव्हता, कोर्टकचेरी नव्हती. पतीनेच पत्नीचे ऋण मान्य करायचे होते. मला त्यातील हा भाव फार मोलाचा वाटतो. ज्या घरात आपण लक्ष्मी म्हणून उंबरठ्यावरचे माप ओलांडून येतो, त्या घराच्या सात-बारावर त्या लक्ष्मीचे नाव असावे, यात घर मोडण्यासारखे काय आहे? घर त्याने मजबूतच होते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची हकीकत तर आपल्यापैकी पुष्कळ जणींनी ऐकली असेल. चेतना सिन्हा यांनी तेथील ग्रामीण महिलांची बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण प्रवर्तक महिला अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या बायका हताश होऊन घरी बसल्या नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग लावले आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्हाला कितीही मुद्दल सांगा, आम्ही त्याचे व्याज तोंडी काढून दाखवितो, असे त्यांनी सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तोंडी हिशेब करणाऱ्या बाईला अडाणी म्हणायचे की शहाणी, हे आपणच ठरवा.

आमच्या घरी यजमानांनी तोडगा काढला. रस्त्यालगतचे गोठ्याशेजारचे टिनशेड त्यांनी मला रीतसर भाडेकराराने दिले. भाडे महिना शंभर रुपये. गावात त्यावर बरीच करमणूक झाली. नवरा बायकोकडून भाडे घेतो, असे लोक म्हणत. पण त्या शंभर रुपयांच्या करारामुळे उद्योगाचा पत्ता माझा झाला, वीजजोडणीचा अर्ज माझ्या नावाने गेला आणि खाते माझ्या सहीने उघडले. काही रक्कम गटातून उभी राहिली, उरलेली दुसऱ्या एका बँकेने दिली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत आमचे यंत्र सुरू झाले.

आज वाट तुलनेने सोपी झाली आहे. २०१५ साली मुद्रा योजना आली. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना सुरू झाली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली. योजना बदलत असतात, तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्यावी. पण एक लक्षात असू द्या. अनुदान मिळते म्हणून उद्योग काढू नका. उद्योग पक्का ठरला असेल, तरच अनुदानाचा विचार करा.

हिशेबाची वही

आता मुख्य गोष्टीकडे येते. उद्योग चालतो तो हिशेबावर. मी आपल्याला एक सोपा हिशेब मांडून दाखविते. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, बाजाराप्रमाणे ते बदलतील.

समजा, क्विंटलभर तूर ७,००० रुपयांना घेतली. तिची ७२ किलो डाळ झाली आणि ती १०५ रुपये किलोने विकली, तर ७,५६० रुपये आले. १२ किलो चुनी गुरांच्या खाद्यासाठी २२ रुपयांनी गेली, त्याचे २६४. टरफलांचे १३० धरा. एकूण ७,९५४ रुपये. म्हणजे हाती राहिले ९५४. त्यातून तेल, वीज, पोती, दोन बायांची मजुरी, यंत्राची झीज आणि माझी स्वतःची मजुरी मिळून ६०० रुपये वजा केले, तर नफा ३५४ रुपये.

आता पाहा. डाळ तयार होऊन विकली जाईपर्यंत महिना जातो. तेवढ्यात डाळीचा भाव किलोमागे फक्त पाच रुपयांनी उतरला, तर ७२ किलोंमागे ३६० रुपये गेले. संपूर्ण नफा गेला आणि वर सहा रुपये पदरचे. म्हणजे तूर विकत घेऊन डाळ विकणारी बाई डाळीचा धंदा कमी आणि भावाचा सट्टा अधिक करीत असते. मोठ्या व्यापाऱ्याला तो झेपतो. आपले दागिने गहाण असताना आपल्याला तो झेपणारा नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही दुसरा मार्ग धरला. तूर शेतकऱ्याची, डाळही शेतकऱ्याची, आम्ही घ्यायची ती केवळ करणावळ. शेतकरी आपले पोते आणतो, आम्ही वजन करून पावती देतो, ठरलेल्या दिवशी डाळ, चुनी आणि टरफले मोजून त्याच्या स्वाधीन करतो आणि क्विंटलमागे ठरलेली मजुरी घेतो. भाव चढो की पडो, आमची मजुरी तीच. माल आमचा नाही, म्हणून मालात भांडवल अडकत नाही. आम्ही विकतो ते आमचे कसब.

या मार्गाची कसोटी लवकरच लागली. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली. शहरात हाहाकार झाला आणि पुढच्या हंगामात सर्वांनी तूर पेरली. पाऊसही चांगला झाला. २०१७ च्या सुरुवातीला तुरीचा एवढा पूर आला की ५,०५० रुपयांचा हमीभावही बाजारात मिळेना. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, लोक तुरीच्या ढिगाशेजारी रात्री काढू लागले. ज्यांनी चढ्या भावात माल भरून ठेवला होता, त्यांचे कंबरडे मोडले. आमच्या टिनशेडपुढे मात्र त्याच दिवसांत गर्दी झाली. पडत्या भावात तूर विकण्यापेक्षा तिची डाळ करून घरी ठेवू, मुलीकडे पाठवू, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना देऊ, असा विचार करून शेतकरी आले. बहुतेक वेळा पोत्याबरोबर बाईच येत असे. त्या उन्हाळ्यात आम्ही यंत्र दोन पाळ्यांत चालविले आणि माझे दागिने घरी आले.

आणखी एक गोष्ट वहीने शिकविली. हिशेबात मी 'माझी स्वतःची मजुरी' धरली, ती आपण ऐकली असेल. आपल्या अनेक बहिणी पापड, मसाला, शेवया विकतात आणि म्हणतात, आम्हाला एवढा नफा झाला. त्यांच्या नफ्यात त्यांचे स्वतःचे कष्ट फुकट धरलेले असतात. शेजारणीला बोलाविले तर तिला रोज द्यावा लागेल, आणि स्वतः दिवसभर राबले तर शून्य! असा हिशेब आपणच आपल्या विरुद्ध लिहितो. ज्या कामाचे मोल आपण वहीत लिहीत नाही, त्याचे मोल जग कशाला करील?

उधारीचाही एक शब्द बोलते. गाव म्हटले की सारी नाती. मावशीकडे, नणंदेच्या सासूकडे पैसे कसे मागायचे? आम्ही भिंतीवर दरफलक लावला आणि 'डाळ नेताना मजुरी द्यावी' एवढेच त्यावर लिहिले. तोंडाने मागणे जड जाते. फलकाला नातेगोते नसते. पहिल्या वर्षी दोघी-तिघी रुसल्या. पुढच्या वर्षी त्याच तूर घेऊन आल्या, कारण खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्यातही आमच्याकडची डाळ शिजते, अशी त्यांची खात्री होती. बाईच्या लेखी डाळीची परीक्षा एकच : ती शिजते की नाही.

अडचणी आणि माणसे

अडचणी नव्हत्या असे नाही. सुरुवातीच्या वर्षांत भारनियमन असे. वीज रात्री येई, म्हणून आम्ही रात्री यंत्र चालवीत असू आणि यजमान कंदील घेऊन सोबतीला बसत. मार्चमधला अवकाळी पाऊस हा आमचा मोठा शत्रू. ताडपत्री सदैव हाताशी ठेवावी लागते. टरफलांची धूळ छातीत जाते, म्हणून तोंडाला फडके बांधल्याशिवाय कोणी यंत्रापाशी जायचे नाही, असा आमचा नियम आहे. पावसाळ्यात तूर वाळत नाही. पण श्रावण-भाद्रपदात मूग आणि उडीद निघतो, त्यामुळे यंत्र अगदीच थांबत नाही. २०२२ साली पाकीटबंद व लेबल लावलेल्या डाळींवर पाच टक्के जीएसटी आला. आमचे बहुतेक काम करणावळीचे असल्याने त्याचा आम्हाला फारसा जाच झाला नाही. पण पाकिटे विकणाऱ्या भगिनींनी हे कागद वेळेवर समजून घ्यावेत. त्याच वर्षी पूर्णेवरील गांधीग्रामचा जुना पूल बंद झाला आणि अकोल्याला माल नेणाऱ्यांचे हाल झाले. आमचे गिऱ्हाईक अकोट आणि भोवतालच्या खेड्यांतलेच, म्हणून आमचे काम चालू राहिले. जवळचे गिऱ्हाईक लहान असते, पण ते पुराच्या अलीकडे असते.

आज आमच्याकडे चौघी जणी कामाला आहेत. त्यांतील दोघींच्या घरी कर्ता पुरुष उरलेला नाही. त्यांना मी 'मदत' करते असे कोणी म्हटले की मला ते आवडत नाही. त्या काम करतात आणि कामाचा रोज घेतात. दया करणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. मजुरी मोजताना दोघांचे हात एका पातळीवर येतात.

याबाबतीत मला नेहमी लिज्जतचे उदाहरण आठवते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यांना उसने पैसे देणारे छगनलाल पारेख यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला : मालाचा दर्जा उतरू द्यायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. त्या बायकांनी देणग्या घेतल्या नाहीत आणि संस्थेतील प्रत्येक भगिनीला मालकीण मानले. त्या सातांपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गच्चीवरून सुरू झालेले काम देशभर पसरले, ते दर्जा आणि हिशेब या दोन खांबांवर.

आणि लांब मुंबईला तरी कशाला जायचे? कल्पना सरोज आपल्याच अकोला जिल्ह्यातल्या. बारा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. सासरी छळ झाला, माहेरी परतल्यावर लोकांची बोलणी ऐकावी लागली आणि एका क्षणी त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर त्या पुन्हा मुंबईला गेल्या, कपड्यांच्या कारखान्यात दोन रुपये रोजावर लागल्या, शिलाई शिकल्या आणि पुढे सरकारी योजनेतून कर्ज घेऊन त्यांनी फर्निचरचा व्यवसाय सुरू केला. कर्जाच्या डोंगराखाली दबलेली 'कमानी ट्यूब्ज' ही कंपनी त्यांनी हाती घेऊन पुन्हा उभी केली. २०१३ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. वंचित समाजात जन्मलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या या वऱ्हाडच्या लेकीने ज्या गोष्टीला हात घातला, ती गोष्ट शिकलेल्या अनेकांना साधली नव्हती. आपण प्रत्येकीने कंपनी उभारावी असे मी म्हणत नाही. पण 'आमच्या भागात काही होत नाही' हे वाक्य तरी आपण आजपासून बोलू नये.

तीन विनंत्या

शेवटी माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, आपल्या घरी काय पिकते आणि आपल्या हाताला काय येते, याचा आधी शोध घ्या. कोणाच्या पापडाचा धंदा चालला म्हणून आपण पापड लाटू नये. ज्या मालाची पारख आपल्याला डोळे मिटून करता येते, त्यातच उतरावे.

दुसरी, कागदावर आपले नाव असू द्या. बँकेचे खाते, परवाना, वीजबिल, भाडेकरार, जमल्यास सात-बारा. आणि येथे जे बंधू उपस्थित आहेत त्यांना सांगते, यात आपले काही कमी होत नाही. माझ्या यजमानांचे काही कमी झाले नाही. आता ते रात्री अंगणात फेऱ्या मारीत नाहीत, शांत झोपतात. माझ्या उद्योगाचा ताळेबंद कोणी मागितला, तर सर्वांत वरची जमा मी ही लिहीन.

तिसरी, वही लिहा. रोज लिहा आणि तीत आपल्या कष्टांचे मोल घाला. मुलीला स्वयंपाक शिकवितो, तसा हिशेब शिकवा आणि मुलालाही शिकवा. माझी मुलगी वाणिज्य शाखेत शिकली. सुट्टीत घरी आली की ती माझी वही तपासते आणि लाल शाईने खुणा करते. तिच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हते. पण दाणा दाताखाली धरून ती तुरीचा कस सांगे. त्या दोघींच्या मध्ये मी उभी आहे. एकीचे ज्ञान यंत्रात घालावे आणि दुसरीच्या हाती नीट लिहिलेली वही द्यावी, एवढेच माझे काम.

 हंगाम सुरू आहे, तूर निघाली आहे. या वर्षी निदान एक पोते विकू नका. आपल्या जवळच्या दालमिलवर न्या, डाळ करून घ्या आणि त्याचा हिशेब स्वतः मांडून पाहा.